भरू शकतं

गिरण्या बंद पडल्यानंतरच्या वर्षांत लालबागच्या आमच्या चाळीत पावसाळ्यात वॉर्ड ऑफिसातून एक बाई पाणी तुंबण्याचा इशारा द्यायला यायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, नाव कधी विचारलं नाही. "पाणी भरणार," असं त्या कधीच म्हणत नसत. "भरू शकतं," म्हणायच्या आणि समोरच्याला ते कळलंय का, हे बघत थांबायच्या.

एकदा मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येऊ शकतात, असं त्या सांगून गेल्या. तळमजल्यावरच्या काकूंचे यजमान लकव्याने अंथरुणाला खिळलेले. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेलं. पाऊस आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आपणहून आल्या. काकू भडकल्याच होत्या.

"नक्की म्हायत नाय, तर सांगतास कित्याक?"

"काकू, नक्की कळेपर्यंत थांबले तर काकांना हलवायला वेळ उरणार नाही. पाऊस आता पूर्वीसारखा राहिला नाही. माझा अंदाज पुन्हाही चुकेल. तरी मी सांगायला येईन."

एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि काकांना खाली आणताना खुर्चीचा एक पाय धरला.

मला वाटलं, आता ह्यांचं कोण ऐकणार? पण पुढच्या वेळी त्या सांगून गेल्या, तेव्हा काकूंनीच आम्हाला हाक मारली, "ह्यांका वर घेवन चला रे."

त्याही दिवशी पाणी आलं नाही. काकांना पुन्हा खाली आणताना मात्र कोणी कुरकुरलं नाही.