दोन टेबलांचा नियम

गिरणीच्या तपासणी खात्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. तिरप्या काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून सरकणारं कापड आणि त्यावर नुसता टेकलेला तिचा तळहात. सुटलेला धागा असो, जाड पट्टा असो की गाठ, डोळ्यांच्या आधी हाताला कळायचं. मुकादम म्हणायचा, “कापडाखालून मुंगी गेली तर बाई तिचे पाय मोजतील.” ती हसायची नाही. कामाच्या बाबतीत ती भलती कडक होती.

तिथे कापडाचं एकच थान दोन टेबलांवर तपासलं जायचं आणि पहिलीने दुसरीला अवाक्षर सांगायचं नाही, असा नियम होता. “सांगितलंत की तिचा हात आळशी होतो,” ती नव्या बायकांना बजावायची, “मग तिला नसलेली गाठपण लागते.”

याच हाताला एकदा आंघोळ करताना स्वतःच्या छातीतली गाठ लागली. मग ऑपरेशन, केमो, रेडिएशनचे शेक. डावी बाजू काढून टाकली. डोक्यावर केस परत आले ते कुरळे. जन्मभर सरळ केसांची ही बाई आरशात कुणा पाहुणीकडे बघावं तशी बघायची. डावा हात वर जाईना, त्या हाताने जड उचलायचं नाही, म्हणून कापडाचा रोल चढवायला आता दुसरी बाई लागायची. कपड्यांच्या आत भरायची छोटी गादी तिने गिरणीतल्याच डागी कापडाची शिवली होती. “सेकंडच्या मालाला सेकंडचंच कापड,” ती नवऱ्याला म्हणाली. हसावं की रडावं ते न कळून तो बिचारा स्टुलावर चढून पंखा पुसायला लागला.

जो तो म्हणायचा, “सुटलीस बाई एकदाची!” सुटतेय कुठली. उपचार चालू होते तेव्हा निदान रोज कुणीतरी बघायला होतं. आता तपासणी सहा महिन्यांतून एकदा, आणि मधले सगळे दिवस ती एकटी. महिन्यातून एकदा चाचपून बघा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हिचा हात भाजी चिरतानाही तिथेच, बसमध्येही तिथेच. खोकला आला की फुप्फुसात गेलं, पाठ दुखली की हाडात गेलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना सल्ले द्यायला काय जातं?

आणि तपासणीची तारीख तीन आठवड्यांवर आली असताना हाताला गाठ लागली. व्रणाच्या टोकाला, काखेच्या जरा अलीकडे. मोहरीपेक्षा मोठी, वाटाण्यापेक्षा लहान. न्हाणीघरात नळ चालू ठेवून ती नुसती उभी राहिली. शेवटी नवऱ्याने बाहेरून विचारलं, “अगं, बरी आहेस ना?”

“हो, आलेच,” ती म्हणाली.

डॉक्टरांना एक फोन केला असता तरी चाललं असतं. पण भ्यालेला माणूस काय करेल याचा नेम नाही. तिने गिरणीचा नियम स्वतःला लावला. आपण पहिलं टेबल, डॉक्टर दुसरं. आपण बोलायचं नाही. डॉक्टरांच्या हाताला आपण होऊन लागली तर आहे, नाही लागली तर नाही. दुखणं अंगावर काढण्याला नियमाचं नाव दिलं म्हणून मूर्खपणा काही कमी होत नाही. पण ते तीन आठवडे तिला टेकायला तेवढीच भिंत होती. जेवण तोंडात फिरायचं, आणि घरचे विचारायचे, मीठ कमी पडलंय का?

दवाखान्यात नेहमीप्रमाणे नणंद सोबत होती. नवऱ्याची ही थोरली बहीण म्हणजे आवाजाचं दुकान. उपचारांची एक खेप तिने चुकवली नव्हती आणि तिचं पालुपदही कधी बदललं नव्हतं, “काही होत नाही तुला.” डॉक्टरांच्या खोलीत मात्र ही नणंदेला कधी येऊ द्यायची नाही. तो व्रण हिने कुणाला दाखवलेला नव्हता, नवऱ्यालासुद्धा नाही.

“काही त्रास? काही वेगळं जाणवतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

डॉक्टरांची बोटं गळ्याजवळून सुरू झाली. तिने छताकडे डोळे लावले. बोटं व्रणावरून सरकत टोकाला आली, काखेकडे वळली. बोटं पुढे निघून गेली.

“छान आहे सगळं. सहा महिन्यांनी या.”

आता जीव भांड्यात पडायला हवा होता. तो काही पडेना. बाहेर नणंद फोन कानाला लावून नातेवाइकांना आनंदाने सांगायला लागली होती, आणि ही जिन्याच्या कठड्याला धरून उभी. नियमाचा अर्धा भाग ती सोयीने विसरली होती, तो आता आठवला. एकीच्या हाताला दोष लागला आणि दुसरीच्या नाही, तर कापड पास होत नाही. ते परत टेबलावर येतं आणि दोघी मिळून बघतात. आजवर एकाही थानाला तिने या बाबतीत सूट दिली नव्हती.

ती माघारी फिरली. दुसरी बाई आत जायच्या बेतात होती, तिला “एकच मिनिट हो” म्हणत ती घुसलीच.

“डॉक्टर, मी खोटं बोलले. गाठ आहे. इथे.” तिने कपड्यावरूनच बोट ठेवलं.

डॉक्टरांनी तिला पुन्हा झोपवलं आणि तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. “ही मलाही लागली होती. जुन्या टाक्याभोवतीची वाटली, म्हणून मी बोलले नाही. पण तुम्हाला लागली होती तर सांगायचं ना? लगेच सोनोग्राफी केली असती.”

“सांगितलं असतं तर तुमचा हात तिथेच गेला असता.”

“अहो, मग तिथेच जायला हवा!” डॉक्टर चिडल्याच. “जा, आत्ता करून घ्या. मी फोन करते.”

अंधाऱ्या खोलीत गार जेली लावून तपासणाऱ्या बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मशिनचं बटण टिकटिक वाजत होतं, आणि प्रत्येक टिकटिकीला तिला वाटत होतं, सापडली, ही सापडली. मरणाची भीती म्हणतात ती हीच.

“टाक्याचीच आहे. काळजीचं काही नाही,” बाई अखेर म्हणाल्या. “पुसून घ्या.”

पुसताना तिच्या हातातून कागद दोनदा पडला.

नणंद बाहेर तिला शोधत फिरत होती. “गेली होतीस कुठे? मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले!”

“वन्सं, मला गाठ लागली होती. तीन आठवडे झाले. टाक्याची निघाली.”

नणंद मटकन खुर्चीत बसली. कधी नव्हे तो तिचा आवाज बसला. “आणि मी आपली बडबडतेय, काही होत नाही म्हणून. मला का नाही बोललीस?”

“तुम्हाला कशाला उगाच घोर?”

“घोर? तू आत गेलीस की मी दारावरची पाटी वाचत बसते. एक अक्षर लागत नाही मला.” तिने पदराने नाक पुसलं. “पुढच्या वेळी मी आत येणार. तुझ्या तोंडाचा भरवसा नाही.”

“आत कपडे काढावे लागतात, वन्सं.”

“मग मी काय डोळे घरी ठेवून येऊ?”

तिने नणंदेचा हात धरला. समोर सहा महिने होते, आणि ते कसे जाणार हे तिला चांगलं माहीत होतं.

“या,” ती म्हणाली.