मुठीतला ठोकळा

बारा सेकंद उरले होते. स्कोर चार-पाच. रोशन एका गुणाने मागे, आणि मी कॉर्नरमध्ये खुर्चीच्या टोकावर.

कॉलेज-कॉलेजांमधली कुस्ती, सत्तावन्न किलोची फायनल. रोशन सिंदी रेल्वे या गावचा. तीन वर्षं रोज सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला माझ्याकडे प्रॅक्टिसला यायचा. हे त्याचं शेवटचं वर्ष. जिंकला तर विद्यापीठाच्या टीममध्ये, हरला तर घरी.

माझ्या हातात स्पंजचा ठोकळा होता. पंचाचा निर्णय चुकला असं वाटलं, की कोच तो मॅटवर फेकतो. याला चॅलेंज म्हणतात. मग पंच व्हिडिओ पाहतात. चॅलेंज खोटं ठरलं तर एक गुण समोरच्याला जातो. फेकायचा तो लगेच, पाच सेकंदांच्या आत.

"पट काढ, रोशन! पट!" मी ओरडलो.

त्याने काढला. दोन्ही पाय ओढून समोरच्याला खाली आणलं आणि वर बसला. याचे दोन गुण. तेवढ्यात बझर वाजला. पंचाने हात हलवला. टाइम आधीच संपला, गुण नाही.

घड्याळ माझ्या समोर होतं. समोरचा खाली आला तेव्हा त्यात एक सेकंद बाकी होता. मी पाहिला होता.

"सर, फेका!" रोशन गुडघ्यांवरच वळला. "फेका ना, सर!"

मागून कोणीतरी टोमणा हाणलाच, "अबे मास्तर, झोपला काय बे?"

गमावायचं काही नव्हतं. मॅच तशीही गेलेलीच होती.

मी फेकला नाही.

आमच्या जिममध्ये एक लाकडी बोर्ड आहे, कुस्तीतल्या सुवर्णपदकांचा. त्यावर एकच नाव आहे, माझं. त्या नावावर मला ही नोकरी लागली. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी तोच बोर्ड दाखवतो. त्या पाच सेकंदांत मला माझ्या नावाखाली दुसरं नाव दिसलं. कारण एवढंच.

"काऊन नाई फेकला, सर?" बाहेर नळावर तोंड धुताना रोशनने विचारलं.

"टाइम संपला होता."

"बरं," म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून गेला.

रोशन आता हिंगणघाटला मुलींना कुस्ती शिकवतो. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याच्याकडे शिकणारी एक मुलगी ओरडली, "दादा, फेका!" त्याने तत्काळ फेकला. चॅलेंज खोटं ठरलं, गुण गेला. मुलगी हरली.

मी तिथेच होतो. नंतर चहाच्या टपरीवर मी त्याला म्हटलं, "अरे, ते खोटं होतं. तुले दिसलं नाई?"

"दिसलं ना."

"मग फेकला काऊन?"

"तिनं मागितला न, सर."

मग मी त्याला सगळं सांगितलं. सेकंद, बोर्ड, सगळं. कप खाली ठेवला.

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "तुमी घड्याळाकडे पाहून राह्यले होते. अन् मी तुमच्या हाताकडे."

त्याने माझा कप पुढे सरकवला.

"चहा प्या, सर. थंडा होऊन राह्यला."

बोर्डावर अजूनही एकच नाव आहे. पोरांना तो दाखवणं मी बंद केलंय. नवीन कोच येतात, त्यांना एवढंच सांगतो: ठोकळा तुमच्या हातात देतात, पण तो तुमचा नसतो.