चंद्रपुरातले अंतराळवीर

एसटीत कंडक्टर म्हणून माझी जवळजवळ सगळी नोकरी चंद्रपूर ते एटापल्ली या रस्त्यावर गेली. रस्ता म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. त्या रस्त्यावर भरल्या गाडीत दांडीला हात न लावता मी उभा राहायचो, तिकिटं फाडायचो, सुटे पैसे द्यायचो आणि मागच्या सीटवरच्या भांडणात निवाडाही करायचो. या कर्तबाचा मला इतका अभिमान होता की निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी त्याचा उल्लेख केला नाही, तेव्हा तो मीच केला.

निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर एका जुन्या सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला एटापल्लीला निघालो. बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून एकटाच. गाडीतला नवा कंडक्टर भला होता. त्यानं ओळखलं आणि सीट रिकामी करून दिली.

"काका, बसा ना इथी."

"मी बसमध्ये बसत नसतो," मी म्हणालो आणि सगळ्यांना दिसेल असा मधोमध उभा राहिलो. वाटेत दोन-चारदा कंबर सीटला टेकवली, पण ते धरण्यात जमा होत नाही. एटापल्ली आलं. मी रुबाबात उतरलो. तेवढ्यात कंडक्टरनं दारातून हाक मारली, "काका, तुमची पिशवी!"

मी मान झटकन मागे वळवली. जमीन उजवीकडे गेली, मी डावीकडे गेलो. एवढा रस्ता हलत्या गाडीत उभा राहिलेला माणूस न हलणाऱ्या जमिनीवर आडवा झाला, आणि तोही एका बाईच्या मोहफुलांच्या टोपल्यात.

"लागलं का, भाऊ?" बाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "पयले फुलावरून उठा."

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे तिथं भरदिवसा पडलेल्या माणसाकडे लोक जरा आदरानंच पाहतात. माझ्या सदऱ्याला मोहाचा वास लागला होता आणि तिकडची चोरटी दारू मोहाचीच, त्यामुळे निकाल जागेवरच लागला. लग्नात नवरीच्या मामानं मला मांडवाच्या बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "कुठी भेटली? मलेबी सांगा ना." मी तोल गेल्याचं सांगितलं. "हो हो, समजलं," तो म्हणाला. नंतर आणखी दोघं आले. एका भल्या माणसानं मला लिंबू आणून दिलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती हसली नाही. "न्हाणीत भिंत धरून चालता तुमी, मले दिसत नाई का?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला पाय जोडून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. थोड्याच वेळात बायकोनं माझा सदरा मागून पकडला, तेव्हा कळलं की मी निघालो होतो.

"काका, कानाच्या आत तोल सांगणारा एक भाग असतो," त्या म्हणाल्या. "तो, डोळे आणि पाय, तिघं मिळून मेंदूला खबर देतात. वय झालं की कानाची खबर अंधुक होते, आणि मेंदूलाही मेळ घालायला वेळ लागतो. अंतराळवीरांचंही काहीसं असंच होतं बघा. तिकडे वजनच जाणवत नाही, मग कानाची खबर बिनकामाची ठरते आणि मेंदू तिच्यावर भरवसा ठेवणं सोडतो. परत आले की नुसती मान वळवली तरी भोवंडतात. धरून चालवावं लागतं."

"मंग ते बरे होतात का?" बायकोनं विचारलं.

"होतात. मेंदू पुन्हा शिकतो. काकांचाही शिकेल, पण हळूहळू. कानातलं जे झिजलं ते मात्र भरून येत नाही. व्यायाम सांगते, तो रोज करायचा."

यातला एकच शब्द मी घरी नेला. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं होतं की मला अंतराळवीरांचा आजार झाला आहे. सदऱ्याला लागलेला मोहाचा वास आपोआप पुसला गेला.

समोरच्या दुकानातले शिंपीभाई माझे जुने दोस्त. ते म्हणाले, "कंडक्टरसाब, तोल तर माझाबी जाते. कैची हातातून सुटते. मंग मी कोन झालो?"

"तुमचं वय झालं, भाई," मी मोठ्या मनानं म्हणालो.

भाई दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी छाती काढून आले. "डॉक्टरीणबाई बोल्ली, चाचा, अंतराळवीरबी असेच असते. चीज उचलाले किती जोर लावाचा, ते परत आल्यावर त्याइले समजत नाई." मग चौकशी केली तेव्हा कळलं की बाई साठीपुढच्या प्रत्येकाला हेच सांगतात. त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर अंतराळवीर दाटीवाटीनं बसलेले असत, आणि आधी नंबर कोणाचा यावर भांडत.

पण पहिला मी होतो, म्हणून आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं सत्कार माझा ठेवला. 'अंतराळ आणि वार्धक्य' असा फलक लागला. तोल गेलेल्या माणसांच्या कार्यक्रमाला मंच छातीइतका उंच, आणि चढायला प्लास्टिकचं स्टूल. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. त्यांना वरून दोघांनी ओढलं, खालून मी ढकललं, मग मला भाईंनी ढकललं. शाल-नारळ झाल्यावर मी अंतराळाविषयी मला माहीत होतं ते सगळं सांगितलं. ते फार लवकर संपलं. मग म्हणालो, "सगळ्यांनी उभं राहा, पाय जोडा, डोळे मिटा."

सभागृह उभं राहिलं आणि पिकल्या धानासारखं डुलायला लागलं. खाली जो तो शेजाऱ्याला धरून होता. मंचावर अध्यक्षांना कोणाला धरणं कमीपणाचं वाटलं असावं. ते सावकाश मागे झुकले आणि हारांच्या ढिगात बसले. सत्कारमूर्ती म्हणून मग मीही डोळे मिटले. पहिल्या रांगेतून बायको ओरडली, "डोळे उघडा आता, नाईतर सारेच्या सारे वरती जातीन!"

लोक पोट धरून हसले. मीही हसलो, पण माईकची दांडी सोडवेना. डोळे मिटले होते तेवढ्या वेळात माझ्या खाली काहीच नव्हतं. ना मंच, ना चंद्रपूर. वर गेलेल्या माणसाला परतायला जमीन असते. मी तर जमिनीवरच होतो, मग परतायचं कुठं? असा घाम मला घाटातल्या गाडीतही कधी फुटला नव्हता. भाईंनी खालून पाहिलं असावं. ते स्टुलावर चढले आणि सत्काराचा नारळ घेण्याच्या निमित्तानं माझा हात धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं व्यायामाला लागलो. गल्लीतल्या भिंतीलगत एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून चालायचं, मान डावीकडे, मान उजवीकडे. सुरुवातीला लोक थांबून पाहायचे. भाजीवाल्यानं विचारलं, "कोनता नवस हाय?" आता कोणी विचारत नाही.

फरक पडला. थांबून, सावकाश मान वळवली तर जमीन जागेवर राहते. बसमध्ये मी बसतो, तेही खिडकीशी. पण चालता चालता बोललो की अजून पाय चुकतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, चालणं पूर्वी आपोआप व्हायचं, आता मेंदूला त्यात लक्ष घालावं लागतं, म्हणून एका वेळी एकच करा. आम्हा दोघांना ते जड जातं, कारण आम्ही मुळात बोलायलाच निघतो. मग एखादी गोष्ट आठवली की भाई हात वर करतात, आम्ही दोघं भिंत धरून थांबतो, ती पुरती सांगून होते, आणि मग तोंड मिटून पुढच्या गोष्टीपर्यंत चालतो.