फिस्कालबाईने ठेवलेलं नाव

केतुई बेटावरची एदेल्मिरा ग्वेंतेओ जन्माची घाबरट. गाय हंबरली तरी क्रुसाची खूण करायची, आणि बोटीत बसायची वेळ आली की घरी काहीतरी विसरल्याचं तिला आठवायचं. तरी फिस्काल केलं तिलाच. चिलोएच्या त्या बेटांवर फादर यायचा वर्षातून एकदा, उन्हाळ्यात. बाकीचे सगळे रविवार फिस्कालच्या गळ्यात. चर्च उघडा, घंटा वाजवा, शुभवर्तमान वाचा, जपमाळ म्हणा, मेलेल्याला पोचवा, आणि एखादं तान्हं फादरची वाट बघायच्या अवस्थेत नसेल तर त्याच्या डोक्यावर पाणी घाला.

जुना फिस्काल वारला तेव्हा पुरुषांनी चर्चच्या ओसरीत बसून माते हा पानांचा कडू काढा पीत पीत ठरवलं. एदेल्मिराला वाचता येत होतं आणि तिचा आवाज खाडीपलीकडे जायचा. म्हातारा रेमोल्कोय म्हणाला, "करा तिलाच. घाबरट माणूस चुका करत नाही." सगळे हसले. कोणाच्या बोलण्याला किती अर्थ असतो हे तेव्हा कुठे कळतं!

समुद्राची भीती मात्र तिला उगीच नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा बेलार्मिनो, मिसरूड फुटायच्या वयाचा, समोरच्या खाडीत बटाट्याची पोती घेऊन जाताना बुडाला. होडी मिळाली, पोती मिळाली, पोरगा नाही मिळाला. तेव्हापासून दर रविवारी जपमाळेनंतर ती बुडालेल्यांची नावं म्हणायची, त्यात शेवटचं नाव त्याचं असायचं. गुडघे टेकलेली सगळी माणसं "त्याला शांती दे" म्हणायची. आठवड्यातून एकदा ते नाव तोंडाने घ्यायला मिळायचं, एवढंच तिचं आईपण उरलं होतं.

एका रविवारी जपमाळ अर्ध्यावर असताना दार धाडकन उघडलं. पलीकडच्या छोट्या बेटावरचा आब्दोन कार्कामो, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"मावशी, चला. झुनिल्दा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोरगं निळं पडलंय."

"वारा बघितलास का?" एदेल्मिरा म्हणाली.

"बघितला. त्यातूनच आलो ना!"

"सुईण आहे ना तिथे? तिने पाणी घातलं तर चालतं. कोणीही घातलं तरी चालतं."

"ती म्हणते, फिस्काल हाकेच्या अंतरावर असताना मी कशाला पापात पडू. मावशी, पोरगं जातंय हो!"

तिने सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. बाप्तिस्म्यावाचून पोर गेलं तर ते देवाच्या दारी कुठे उभं राहील, हे तिथे कोणाला सांगावं लागत नव्हतं. एदेल्मिरा उठली.

खाडीत तिने डोळे मिटून घेतले. आब्दोन ओरडला, "डोळे उघडा आणि पाणी उपसा, नाहीतर तुमचाच जप म्हणावा लागेल!" मग ती डब्याने पाणी उपसत राहिली. या पाण्याखाली कुठेतरी आपला बेलार्मिनो आहे, याशिवाय दुसरा विचार तिच्या डोक्यात शिरत नव्हता. बेलार्मिनो, धर रे. बेलार्मिनो, सांभाळ रे. ओठ तेवढेच हलत होते.

घरात चुलीपाशी झुनिल्दा बेशुद्ध पडली होती. सुईणीच्या हातात लोकरीत गुंडाळलेला जीव, ओंजळीत मावेल एवढा. एदेल्मिराने वाटीत पाणी घेतलं. अर्धं जमिनीवर सांडलं.

"नाव काय ठेवायचं?"

आब्दोनने बायकोकडे पाहिलं. "ठरलंच नव्हतं अजून. ठेवा तुम्ही कुठलंही, पण लवकर!"

आणि एदेल्मिराच्या तोंडून निघालं, "बेलार्मिनो, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

पाणी डोक्यावरून ओघळलं तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. सुईणीच्या हातातली लोकर गळून पडली. ज्याचं प्रेत सापडलं नाही त्याचं नाव पाळण्यात ठेवत नाहीत. ते नाव समुद्राच्या ओळखीचं झालेलं असतं. तो पुन्हा हाक मारतो. केतुईतलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं, आणि फिस्कालबाई विसरल्या!

पोरगं मेलं असतं तर नाव त्याच्याबरोबर गेलं असतं. पण ते शिंकलं, रडलं आणि गुलाबी झालं.

शुद्धीवर आल्यावर झुनिल्दाने आधी पोराला छातीशी घेतलं, मग नाव विचारलं. ऐकल्यावर ती एदेल्मिराला एवढंच म्हणाली, "तुझ्या पोराची जागा भरायला माझं पोर दिलंस होय?"

"नाही गं बाई, शपथ! भीतीने निघालं तोंडातून."

"तुझी भीती आता मी जन्मभर सांभाळू?"

उन्हाळ्यात फादर आला तेव्हा झुनिल्दा त्याच्या पायाशी बसली. नाव बदला, पुन्हा पाणी घाला, म्हणाली. फादर शहरातला, तरुण. तो हसला. "बाप्तिस्मा एकदाच होतो, बाई. आणि समुद्र काही कोणाची नावं लक्षात ठेवत नाही." बोटीतून उतरून तास झाला तरी त्याने बुडू नये म्हणून घालतात ते फुगीर जाकीट अंगातून काढलं नव्हतं. बाकीच्यांचा विश्वास कसा बसावा?

झुनिल्दाने मग ते नाव गिळूनच टाकलं. पोराला ती पिल्लू म्हणे, म्हणून सगळं बेट पिल्लू म्हणे. दर रविवारी ती खाडी ओलांडून यायची, त्याला घेऊन पहिल्याच बाकावर बसायची आणि एदेल्मिराकडे एकटक बघायची. बुडालेल्यांची नावं घ्यायची वेळ आली की एदेल्मिराची नजर त्या बाकाकडे जायची. समोर पाय हलवत बसलेलं पोर, आणि त्याचंच नाव मेलेल्यांत घ्यायचं? जीभ रेटेना. शेवटच्या नावाच्या आधीच ती थांबायची आणि पटकन "आमेन" म्हणायची. स्वतःच्या मुलाला प्रार्थनेवाचून ठेवलं म्हणून घरी येऊन रडायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. एदेल्मिराच्या पाठी तो दर रविवारी भांग पाडून यायचा, हसून "मावशी, आज घंटा मी वाजवू?" विचारायचा. आणि तिला तो इतका आवडायचा की भीती आणखीच वाढायची.

पोरगा दहाएक वर्षांचा झाला. त्या रविवारी चर्च झाडायची पाळी झुनिल्दाची होती, म्हणून ती शेजाऱ्यांच्या बोटीने सकाळीच आली. आब्दोन तापाने पडला होता. पिल्लू म्हणाला होता, डुकरांना खायला घालून लहान होडीने येतो. पाणी निवांत होतं, पोरं त्या वयात एकटी वल्हवतातच. पण ती झाडू ठेवते न ठेवते तोच धुकं उतरलं. किनाऱ्यावर उभं राहिलं तर स्वतःचे पाय दिसेनात.

एदेल्मिरा घंटेकडे धावली. दोरी ओढून ओढून तळव्यांची सालं निघाली. पण त्या खाडीला तिन्ही बाजूंनी डोंगर. धुक्यात घंटा चारी दिशांनी वाजते आणि वल्हवणारा भलतीकडेच जातो. बराच वेळ गेला तसं दोरी कोणाच्या तरी हाती देऊन ती खाली किनाऱ्यावर आली.

झुनिल्दा गुडघाभर पाण्यात उभी होती. "पिल्लू! पिल्लू!" तिचा आवाज बसून नुसता वारा निघत होता.

"बाहेर ये, झुनिल्दा. घंटा चालू आहे."

झुनिल्दाने मागे वळून तिचं मनगट धरलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. "तुझा आवाज जातो. तू हाक मार."

एदेल्मिराने श्वास घेतला. "पिल्लूऽऽ!"

"तसं नको." झुनिल्दाची बोटं मनगटात रुतली. "समुद्र त्याला ज्या नावाने बोलावतोय, त्याच नावाने तू बोलाव. तूच ठेवलंस ना?"

याच किनाऱ्यावर, याच पाण्याकडे तोंड करून तिने ते नाव एकदा दिवसभर ओरडलं होतं. होडी आली होती, पोती आली होती. पुन्हा ओरडायचं आणि पुन्हा काहीच आलं नाही, तर? तिला वाटलं, इथेच खाली बसावं, कान झाकावेत, कोणीतरी दुसऱ्याने फिस्काल व्हावं. पण मनगट सुटत नव्हतं.

"बेलार्मिनोऽऽ!"

घंटा वाजत होती. पाणी दगडांवर हलकेच आपटत होतं.

"बेलार्मिनोऽऽ! इकडे ये रेऽऽ! माझ्या आवाजावर ये!"

काही नाही. एदेल्मिरा आणखी पुढे गेली, कमरेपर्यंत. थंडीने श्वास अडकला. "बेलार्मिनोऽऽ!"

मग धुक्यातून, डाव्या हाताला, भलतंच लांब, एक चिरका आवाज आला.

"ओऽऽ! मला बोलावताय का?"

झुनिल्दा मटकन पाण्यात बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. "तुलाच, मेल्या! तुलाच! ये इकडे, बघते तुला!"

वल्ह्यांचा आवाज जवळ यायला लागला. "आलो, आलो! किती ओरडता!" पोरगा कुरकुरत होता.

एदेल्मिरा मात्र थांबली नाही. होडीचं नाक धुक्यातून बाहेर आलं, पोराने वल्ही आत घेतली, "मावशी, आलो म्हटलं ना!" म्हणाला, तरी ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे, खाडीकडे बघत बेलार्मिनोला हाका मारतच राहिली. झुनिल्दा उठली, येऊन तिच्या शेजारी पाण्यात उभी राहिली, आणि तिने तिला गप्प बस म्हटलं नाही.