दुसऱ्या टप्प्यातली खोली

शिरपूरहून सातपुड्यातल्या त्या पाड्यावर जायचं तर शेवटच्या गावापर्यंत जीप मिळायची, पुढे तासभर चढ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा निम्म्या घरांना बाहेरून कडी होती. माणसं सुरतेकडे बांधकामावर, वीटभट्ट्यांवर गेलेली. एका संस्थेला ती घरं पुन्हा उघडायची होती. घरं जुन्याच पद्धतीने नीट करायची, त्यांत शहरातले पाहुणे उतरवायचे, म्हणजे तरण्या माणसांना गावातच काम मिळेल, असा विचार होता. मी शिरपूरचीच. पुण्यात आर्किटेक्चर शिकून धुळ्यात लहानसं ऑफिस काढलेलं. सिमेंटचे बंगले काढून कंटाळले होते. हे काम आलं तेव्हा मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पहिलं घर आबा आणि अक्कांचं. दोघंच म्हातारी, मुलगा-सून सुरतेला. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर गावठी कौलं. मी मोजायला लागले तसं आबांनी टेपचं दुसरं टोक धरलं. कुठला खांब कुठल्या नाल्यातून आणला, कोणत्या कौलाखाली गळतं, ते सांगत चालले. मधल्या खांबाशी आल्यावर मात्र त्यांनी टेप खाली ठेवला आणि खांबाला हात जोडले.

"मना बाप याच खांबपाशी व्हता. माय बी," ते म्हणाले.

त्यांच्या घरात कुणी वारलं की त्याला आधी त्या खांबाशी ठेवत आणि तिथूनच उचलत. मी वहीत लिहून घेतलं, मधला खांब हलवायचा नाही.

खांब मी हलवला नाही. बाकी पुष्कळ हलवलं. धुराचा त्रास नको म्हणून चूल बाहेर काढली. धान्याची कणगी होती तिथे न्हाणीघर बसत होतं, म्हणून कणगी गोठ्यात गेली. दरीकडच्या भिंतीत मोठी खिडकी काढली. भिंती लिंपायला अक्कांनीच मला शिकवलं. माझ्या हातावर हात ठेवून त्या लेप पसरवायच्या आणि मी चुकले की हसायच्या.

म्हाताऱ्यांनी राहायचं कुठे, हा प्रश्न मी विसरले नव्हते. मागच्या बाजूला त्यांची खोली नकाशावर तुटक रेषेने दाखवली होती. संस्थेचे लोक म्हणाले, ती दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मी मान डोलावली. तोवर शेळ्यांच्या गोठ्यावर पत्रे टाकून, बाजूंना तट्ट्या लावून सोय केली. चालेल ना, असं मी आबांना विचारलंही.

"आमले काय लागस? पोऱ्या घर उना म्हंजे बस."

मुलगा खरंच आला. बायकोला, लेकीला घेऊन आला आणि पाहुण्यांचं सगळं करायला झपाट्याने शिकला. त्याचं पाहून आणखी चार घरांच्या कड्या निघाल्या. पाड्यावरच्या शाळेत पोरं वाढली म्हणून गुरुजी खुशीत होते. त्या मोठ्या खिडकीचा फोटो एका मासिकात छापून आला. मी तो ऑफिसात लावला.

थंडीत एकदा मी पाहुण्यांबरोबर त्या खिडकीशी चहा घेत बसले होते. अक्का दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"मझार येऊ का?"

आढ्याला खोचलेला विळा त्यांना हवा होता. "या ना आजी, विचारता काय?" पाहुणे म्हणाले. त्या आत आल्या, विळा काढला, कुणाकडे न बघता निघून गेल्या. अक्का किती रीतीच्या आहेत, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा संपवला.

उन्हाळ्यात पत्रे तापायला लागले. आबांना ताप आला, उतरला, पुन्हा आला. मुलाने खाली दवाखान्यात नेऊन आणलं. त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी त्याचा मला धुळ्याला फोन आला.

"ताई, बाबा गया." मग म्हणाला, "त्यासले खांबपाशी ठेवणं शे. पन मझार पाहुणा शेतस. काय करू?"

पाहुण्यांचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन पुरला असता. त्यांच्याबरोबर लहान मुलं होती. ती घाबरतील, पाहुणे कुठेतरी वाईट लिहितील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"कधी निघणार आहेत ते?"

"दुपारले."

"मग दुपारपर्यंत थांब."

"बरं," तो म्हणाला.

मी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आबा पत्र्याखाली खाटेवर होते. अक्का ओलं फडकं फिरवत होत्या, सून पळसाच्या फांदीने माश्या वारत होती. पाहुण्यांना हे निघताना कळलं होतं. त्यांतली बाई अंगणात रडत उभी होती. मला म्हणाली, "अहो, सांगायचं ना. आम्ही तेव्हाच बाहेर आलो असतो."

मग आबांना आत नेलं. लांबच्या पाड्यांवरून आलेल्यांना अंधाराआधी परतायचं होतं, म्हणून खांबाशी त्यांना जेमतेम थोडा वेळ मिळाला.

बाराव्याला मी अक्कांजवळ बसले. चुकलं माझं, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आखी जिंदगी कोनाच दारशी उभा नही राहिना तो, बेटी. सोताना दारशी मातर त्याले उभं ऱ्हावं लागनं."

मागची खोली मी पावसाळ्याआधी बांधून घेतली, संस्थेच्या होकाराची वाट न पाहता. मातीच्या जाड भिंती, वर कौलं, चुलीला जागा, कणगीला जागा. अक्का तिथे एक दिवसही राहिल्या नाहीत. डोंगरापलीकडे लेकीच्या गावी निघून गेल्या. खोलीत आता पाहुण्यांच्या गाद्या असतात.

पाडा भरला आहे. पुढच्या घरांचे नकाशे करताना मी घरच्या माणसांची खोली आधी काढते आणि ती बांधून झाल्याशिवाय बाकीच्या कामाला हात लावू देत नाही. मुलगा फोनवर गळक्या नळाबद्दल बोलतो, कौलांबद्दल बोलतो. त्या सकाळबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्कांना भेटायला गेले. त्या लेकीच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी मला भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा. परत चला, नात आठवण काढते, असं मी म्हटलं.

"तठे आते सगळा लोके शेतस," त्या म्हणाल्या. "खाय तू."

मी खाली मान घालून जेवले. निघताना त्या उठल्या नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.