रोझाच्या आजीचं मडकं

मंडळी, माझ्या हातून जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या शेजारची रोझा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची, तिथल्या पुएब्लो या मूळ रहिवासी लोकांपैकी. तिच्या घरात आजी, आई आणि ती स्वतः मडकी घडवत आल्या. चाक नाही, सगळं हातानं, आणि दगडानं घासून चकाकी आणायची. इथे इंग्लंडात, लीड्सला येताना तिनं आजीनं घडवलेलं शेवटचं काळं मडकं आणलं होतं. आजीला आता दिसत नाही. पंधरा दिवस बाहेरगावी जाताना रोझा ते माझ्याकडे ठेवून गेली.

काल मला त्यात धूळ दिसली. माठ आपण भिजवूनच साफ करतो, म्हणून मी ते पाण्यानं भरून ठेवलं. सकाळी बघते तर टेबलावर पाणी, चकाकी पांढुरकी पडलेली आणि बुडाचे पापुद्रे सुटलेले. हे मडकं शोभेचं, पाणी भरून ठेवायचं नव्हेच, हे मला तेव्हा कळलं.

"मांजरानं पाणी सांडलं म्हणून सांग," आमचे हे म्हणाले.

"अहो, आपल्याकडे मांजर नाही."

"आणू की."

चार वाजता रोझा आली. मी दारातच सगळं सांगितलं. तिनं मडकं टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं.  मग म्हणाली, "आजी दर रविवारी फोनवर याची चौकशी करते. या रविवारी तुम्हीच बोला तिच्याशी."

परवा रविवार आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांना चुका कबूल करायला लावल्या, आणि आता माझ्यावरच ती पाळी आली आहे. रोझाच्या आजीला पहिलं वाक्य काय सांगू?