नऊ नंबरचा फोटो

"मामा, आई गेली," असा निलेशचा धुळ्याहून फोन आला, तेव्हा मी जळगावला कारखान्याच्या स्टोअरमध्ये वॉशर मोजत उभा होतो. मोजणी पुरी केली, आकडा लिहिला आणि मग खाली बसलो. कुणी मला निष्ठुर म्हणेल. सुमनअक्का म्हणाली नसती. धुळ्याच्या बसमध्ये कामांची यादी केली. कुणाला कळवायचं, कुणी काय आणायचं... सातव्या ओळीवर लिहिलं, 'दहाव्याला ठेवायला फोटो'. बाकीच्या ओळी एकेक करून खोडल्या गेल्या. सातवीने मात्र मामा-भाच्यात भांडण लावलं. दीड महिना झालाय, आणि नातेवाईक अजून कुजबुजतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मेव्हणे गेले तेव्हा निलेश चौथीत होता. मेव्हण्यांचा फोटो स्टुडिओ विक आणि घरी बस, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. त्या सगळ्यांत मीही होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वतः शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला आलं आणि आत डोकावून म्हणालं, "फोटोग्राफर कुठंयत?" अक्का म्हणाली, "समोर उभी आहे. हनुवटी खाली घ्या."

डिजिटल कॅमेरा आल्यावर तिचं एका गोष्टीशी कायमचं वैर जमलं. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, ते तिला बघवत नसत. फ्लॅशही नको, त्याने घराचा अंधारच खोटा होतो, म्हणायची. मग तिने सोळा फोटोंची रीत धरली. तिपाईवर कॅमेरा घट्ट बसवायचा, एकाच जागेचे लागोपाठ सोळा फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवून त्यांचा एक करायचा. जे सोळाही फोटोंत एकाच जागी आहे ते पक्कं होतं. दाणा दर वेळी वेगळीकडे उमटतो, म्हणून तो विरतो. चार फोटोंनी दाणे निम्मे होतात, सोळांनी पाव. हा हिशेब मला फार आवडला. मी तिला पायऱ्यांची यादी करून दिली आणि कॅमेऱ्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली: तिपाईचे पाय तपासणे, पंखा बंद, फोकस एकदा लावल्यावर हात न लावणे, बटण टायमरवर. "मोबाइल हे एका बोटात करतो, अक्का," असं कुणी हिणवलं की ती म्हणायची, "करतो ना. पण काय ठेवलं नि काय पुसलं, हे मला विचारत नाही."

एकदा आम्ही दोघं पिंपळनेरला एका घरी गेलो होतो. जुनं घर उतरवायचं होतं, त्याआधी आतल्या काळोख्या खोलीतला कोरीव लाकडी देव्हारा आणि शेजारी बसलेली आजी, असा फोटो हवा होता. यादीवर मी सगळ्या खुणा केल्या. यादीत माशी नव्हती. आजी सोळाही फोटोंत ती हाकलत राहिली. एकत्र केल्यावर देव्हाऱ्याची पाकळी न् पाकळी स्वच्छ आली, आजीचा चेहराही आला, पण उजवा हात कोपरापुढे धुरासारखा. आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि हात कुठे गेला म्हणून अहिराणीत विचारलं. "मना हात कथा गया व माय?"

"माशी लई गयी, आजी!" अक्का म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या. मग तिने एकाच फोटोतला हात उचलून तिथे बसवला, दाण्यांसकट. पुढच्या खेपेला आजीने त्या दाणेदार हातावर बोट ठेवलं, हाच आपला म्हणून. "हाऊ मना हात शे." मी मात्र घरी येऊन यादीत भर घातली : बसणाऱ्याने हलू नये.

अक्का जाण्याआधी तीन आठवडे, रविवारी, मी तिला भेटायला गेलो. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, बाई स्टुडिओत. गिऱ्हाइकाच्या वेताच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाळू, माझा एक काढून ठेव. तुझ्या यादीने." निलेशने चहा आणून ठेवला. मी पंखा बंद केला, तिपाई लावली. तिसऱ्या फोटोला तिने कान खाजवला. पाचव्याला माझी तिपाई वाकडी असल्याचं सांगितलं. नवव्याला हात वर करून, "अरे, किती राहिले? चहा गार होतोय!"

"अक्का, हलू नकोस ना."

"न हलणारी हवी असेल तर मेल्यावर काढ!"

दहाव्यासाठी निलेशने तेच सोळा फोटो मागितले. एकट्या फोटोत दाणे दिसतात, एकत्र करा, म्हणाला. केले. खुर्चीचा वेत अन् वेत, भिंतीची ओल, कॅलेंडरवरची तारीख, सगळं लख्ख. खुर्चीत धूर. मग त्याने त्यातलाच एक फोटो कुठूनतरी नीट करून आणला. कणकेसारखे गुळगुळीत गाल, हनुवटीवरचा व्रण गायब, मागे ढग.

"आता बरी दिसते ना, मामा?"

"बरी दिसते. पण ही कुणाची आई?"

तो भडकला. "आईने जन्मभर दाणे काढले आणि तिच्याच फोटोत ठेवायचे? लोक काय म्हणतील?"

"तिने दाणे काढले, माणसं नाही काढली. पिंपळनेरच्या आजीचा हात तिने दाण्यांसकट परत दिला होता." मी नऊ नंबरचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. तोंड उघडं, हात वर, कपाळभर दाणे. त्याने तो जवळ ओढला. "चहाचं म्हणतेय का यात?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. खिळा त्यानेच ठोकला.

दहाव्याला तीन जणांनी नाक मुरडलं, एका काकांनी चांगला फोटो पाठवायची तयारी दाखवली. नको म्हणून सांगितलं. आता रविवारी निलेश आणि मी स्टुडिओ उघडतो. पेटीच्या झाकणावरची शेवटची ओळ मी पेनाने खोडली आहे. खुर्ची तिथेच आहे, वर नऊ नंबर. गिऱ्हाईक नसलं की मी पंखा चालू ठेवतो. त्याच्या वाऱ्याने फ्रेम खिळ्यावर जराशी हलते आणि भिंतीला टकटक लागते. निलेश म्हणाला, मागे रबर लावून घट्ट करू. हलू दे, म्हटलं.